नाण्यातली खोट टांकसाळीची की नंतरची?

प्रश्न थोडक्यात असा: चोपडा तालुक्यातल्या एका घरी आजोबांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यातली चार नाणी 'वेगळी' दिसतात. 1917 चा चांदीचा रुपया, एका बाजूने चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला. पंचम जॉर्जचा पाव आणा, ज्याच्या मागच्या बाजूलाही राजाचं डोकं आहे, पण खोल आणि उलटं. 1944 चा भोकाचा पैसा, पण भोकच नाही. आणि एक शिवराई, अर्धीच अक्षरं असलेली. या टांकसाळीच्या चुका आहेत की नंतर कुणी केलेली कारागिरी, आणि हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

नाणं हातात घेतल्याशिवाय निकाल देता येत नाही, पण तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. सुरुवात संशयाने करा. विचित्र दिसणाऱ्या जुन्या नाण्यांत बहुतेक नाणी मार खाल्लेली, घासलेली, झाळलेली किंवा मुद्दाम 'बनवलेली' असतात. खरी चूक सिद्ध करावी लागते. नुकसान सिद्ध करावं लागत नाही.

आधी नाणं कसं तयार होतं ते डोळ्यासमोर आणा. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. चकतीचा काठ दाबून जरा उचलला जातो. भट्टीत तापवून चकती नरम करतात. मग ती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती पोलादी कॉलर असते, आणि एकाच दाबात दोन्ही बाजूंची छाप आणि कडेवरच्या रेघा उमटतात. टांकसाळीचं काम इथे संपतं. त्यामुळे कुठलीही खोट दिसली की एकच विचारायचं: ही यातल्या कोणत्या पायरीवर होऊ शकते? पायरी सांगता आली तर पुढे जायचं. नाही सांगता आली तर ती खोट बाहेर झाली.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवा. ठशाला भेग किंवा टवका गेला की तो खड्डा धातूने भरतो, म्हणून नाण्यावर ती खूण उंच येते. ओरखडा, खाच, पटाशीचा घाव नाण्यात खोल जातो. आणि खोल खाच पडली की तिथला धातू कुठेतरी सरकलेला असतो: खाचेच्या काठावर वरंबा, शेजारचं अक्षर दबलेलं, किंवा मागच्या बाजूला फुगवटा. धातू सरकलेला दिसला, तर घाव छापेनंतरचा आहे.

साधनं फार लागत नाहीत. दहापट मोठं दाखवणारी लूप, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, एक छोटं चुंबक आणि टेबल लॅम्प. दिवा वरून नको, बाजूने आडवा धरा. नाणं हळूहळू फिरवा. निम्म्या खोटी तिरप्या उजेडातच उघड्या पडतात. आणि तपासणीच्या आधी नाणं घासू नका. चिंच-मीठ, लिंबू, राख, टूथपेस्ट यांतलं काहीही लागलं की मूळ पृष्ठभाग जातो, आणि पुरावा त्या पृष्ठभागातच असतो.

तुकडा गेलेला रुपया

पट्टी पुढे सरकायला कमी पडली की कापणारा पंच आधीच्या भोकावर चढतो, आणि चकती चंद्रकोर गमावूनच बाहेर पडते. पट्टीच्या टोकाशी असं झालं तर सरळ रेषेत तुकडा जातो. म्हणजे खरी कापीव चकती छापेच्या आधी कापलेली असते, आणि सगळी ओळख यातच आहे.

तुटलेल्या जागेजवळची अक्षरं बघा. छापेच्या वेळी तिथे धातूला मोकळी जागा मिळते, म्हणून अक्षरं त्या दिशेला जराशी ओढली गेलेली, पायाशी पसरलेली, कधी पुसट झालेली दिसतात. कानशीने किंवा कातरीने नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर शेवटपर्यंत नीट उभं असतं आणि मग एकदम संपतं.

आता बरोबर समोरची बाजू बघा. तुकडा घड्याळाच्या तीनवर गेला असेल तर नऊवरचा काठ पाहा. खऱ्या कापीव नाण्यात तिथला काठ बऱ्याचदा कमकुवत, चपटा किंवा जवळजवळ नाहीसा असतो. कारण काठ उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूवर दाब येत नाही. नकली नाणी बनवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, म्हणून ही खूण मोलाची. पण तुकडा अगदी लहान असेल तर ती दिसेलच असं नाही. तिच्या अभावावरून नाणं लगेच फेटाळू नका, आणि फक्त तिच्या भरवशावर मान्यही करू नका.

मग कापलेली कड. खरी असेल तर तिचा रंग, मळ आणि झीज बाकीच्या कडेसारखीच हवी. शंभर वर्षांच्या रुपयात तेवढीच जागा पांढरी चकचकीत असेल, कानशीच्या समांतर रेघा असतील किंवा बोट फिरवल्यावर बारीक धार लागत असेल, तर तो छापेनंतर कापलेला रुपया आहे. गरजेपुरती चांदी कापून घेण्याची रीत जुनी आहे.

वजन दोन्ही प्रकारांत कमीच भरेल, तरी करा. या रुपयाचं प्रमाण वजन 11.66 ग्रॅम, चांदी हजारात 917 भाग. फिरून झिजलेला रुपया 11.4–11.5 च्या आसपास भरतो. गेलेला तुकडा डोळ्यांना दहावा भाग वाटतो आणि वजन मात्र पाचवा हिस्सा कमी, असं असेल तर नाणं तेजाबात बुडवलेलं किंवा मुळातच ओतीव नकली असू शकतं. चांदीच्या रुपयाला वजनाची मर्यादा कायद्याने बांधलेली होती, त्यामुळे इतकं हलकं नाणं टांकसाळीच्या नजरेतून सुटणं तांब्याच्या पैशापेक्षा पुष्कळ अवघड. मोठा तुकडा गेलेल्या चांदीच्या रुपयाकडे म्हणूनच जास्त कडक नजरेने बघा.

धातूची खात्री करायची असेल तर पाण्याने भरलेला पेला काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि बारीक दोऱ्याने बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात सोडा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. 917 चांदीसाठी भागाकार साधारण 10.3 येतो, म्हणजे पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा 1.13 ग्रॅमच्या जवळ दाखवतो. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी काढा, नाहीतर आकडा चुकतो. ही खटपट नको असेल तर जळगावच्या सराफ बाजारात कॅरेटोमीटर असलेल्या दुकानात पाच मिनिटांत धातूचं प्रमाण कळतं. सराफाला एवढंच सांगा की कसोटीवर घासायचं नाही.

दोन्हीकडे राजा: लखी

बाजारात याला लखी म्हणतात, आणि चारांत सर्वांत जास्त फसवणूक याच नाण्यात होते. खरी लखी अशी होते: छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं, बाहेर पडत नाही. पुढची कोरी चकती खाली येते. तिच्या एका बाजूला ठसा, दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणं. म्हणून एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप खोलगट आणि आरशातल्यासारखी उलटी.

'कोरी चकती' हा शब्द धरून ठेवा. खऱ्या लखीत खोलगट राजाच्या खाली दुसरं काहीही नसतं, कारण त्या बाजूला मागच्या छापेचा ठसा कधी लागलेलाच नव्हता. नकली लखी करणारा दोन छापलेली नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळतो किंवा घणाने ठोकतो. तेव्हा मागच्या बाजूचा मजकूर आणि भोवतीची नक्षी आधीपासून तिथे असते, आणि राजाचं डोकं तिच्यावर दाबलं जातं.

लूप लावून राजाच्या गालाचा खड्डा बघा. तिरप्या उजेडात त्या खड्ड्याच्या तळाशी पाव आण्याच्या मजकुराचे चपटे अवशेष, एखाद्या अक्षराची उभी रेघ किंवा नक्षीचं पान दिसलं, तर निकाल लागला. मग पुढची बाजू बघा. व्हाइसमध्ये आवळलेल्या नाण्याची दुसरी बाजू चपटी झालेली असते: राजाच्या कानाजवळचे केस, मुकुटावरचे उंच भाग चमकदार आणि सपाट, जणू तेवढेच घासले गेलेत. खऱ्या लखीत पुढची बाजू नेहमीइतकीच ठळक असते. झीज असलीच तर ती वापराची, सगळीकडे सारखी पसरलेली.

चलाख माणूस मागची छाप आधी लेथवर घासून काढतो आणि मग दाबतो. तेव्हा खाली अवशेष सापडत नाहीत, पण काटा सांगतो. 1906 नंतरचा कांस्य पाव आणा 4.86 ग्रॅमचा, व्यास 25.4 मिलिमीटर. खरी लखी वजनाला पूर्ण भरते. 4.3 भरत असेल आणि झीज तेवढी दिसत नसेल, तर धातू काढलेला आहे. त्याहून बारीक कारागिरी म्हणजे दोन नाणी अर्धी-अर्धी घासून जोडणं. त्यात वजन बरोबर जुळवता येतं. मग कड तपासायची: काठाच्या आतल्या कोपऱ्यात किंवा कडेच्या मधोमध सलग बारीक रेघ. लाकडी टेबलावर हळूच टाकून आवाज ऐका. जोडलेलं नाणं बद्द वाजतं. भेग गेलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, म्हणून हा पुरावा जोडीचा, एकट्याचा नाही.

एक बारकावा: पहिल्याच दाबाची लखी सगळ्यात ठळक येते. चिकटलेलं नाणं तसंच राहून आणखी चकत्यांवर दाबलं गेलं, तर ते पसरत जातं आणि पुढच्या नाण्यांवरचा राजा मोठा, पसरट आणि अस्पष्ट होतो. त्यामुळे खोल चेहरा थोडा मोठा दिसतो एवढ्यावरून नाणं नकली ठरवू नका.

भोक नसलेला पैसा

1943 ते 1947 हा कांस्य पैसा भोकासह काढला गेला. वजन सुमारे 2 ग्रॅम. भोक मोठं असल्याने भोक नसलेलं खरं नाणं ठळकपणे जड भरायला हवं. घरातलेच भोकाचे तीन-चार पैसे वजन करून सरासरी काढा आणि तुमचा पैसा तुलनेला घ्या. फरक जवळपास नसेल तर मधला भाग पातळ पत्र्याने बुजवलेला आहे.

बुजवलेल्या भोकाभोवती वर्तुळाकार रेघ असते. ती झाळेने भरलेली असली तर लूपमध्ये पिवळट किंवा राखाडी धागा दिसतो; तिथला रंगही सहसा वेगळा पडतो. उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहा. मधल्या भागाचा मळ, बारीक ओरखडे आणि झीज बाहेरच्या भागाशी सलग असायला हवी. एकच ओरखडा मधून बाहेर न तुटता गेलेला दिसला, तर नाण्याच्या बाजूने तो चांगला साक्षीदार.

उलट तक्रारही येते: भोक सरकलेलं आहे, किंवा दोन भोकं आहेत. इथे भोकाची भिंत बघा. ड्रिलने पाडलेल्या भोकात आत गोल फिरणाऱ्या रेघा आणि एका तोंडाला उठलेली धार असते. खिळा ठोकलेला असेल तर एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला फाटून बाहेर आलेला धातू. छापेआधीच भोक असेल तर भोकाच्या काठावर छाप थोडी आत कललेली, मऊ दिसते; नंतर पाडलेलं भोक अक्षराला मधोमध छेदून जातं.

हे पैसे मुलांच्या करदोड्यात ओवायचे आणि बोल्टखाली वॉशर म्हणूनही लावायचे. करदोड्यातल्या पैशाच्या भोकाला एका जागी दोऱ्याची गुळगुळीत खाच पडते. वॉशर झालेल्यावर नटाने घासलेली गोल वलयं असतात. दोन्हीही 'दुर्मीळ चूक' म्हणून विकायला आलेली दिसतात.

शिवराई

इथे प्रश्नच बदलतो. शिवराई, मुघलांच्या बुऱ्हाणपूर टांकसाळीचा रुपया, चांदवडी रुपया ही हाताने ठोकलेली नाणी. त्यांना कॉलर नसायची आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे एका बाजूला 'श्री राजा शिव' मधलं निम्मंच आणि दुसरीकडे 'छत्रपति' मधलं 'पति' तेवढंच दिसणं हा त्या कामाचा नेहमीचा प्रकार आहे, चूक नाही. आकार वेडावाकडा, काठाला चीर, छाप एका अंगाला दबलेली, हेही तसंच. उलट सगळी अक्षरं पूर्ण आणि मधोमध असलेली शिवराई जास्त किमतीची.

हाताच्या नाण्यातही खरी लखी आणि दोनदा ठोकलेली छाप मिळते. दुहेरी छाप मात्र इतकी सर्रास आहे की तिचं वेगळं मोल फारसं होत नाही. मुघल आणि मराठा रुपयांवर छोटे गोल, चांदणीसारखे किंवा चौकोनी खोल शिक्के दिसतील. ते सराफांनी चांदी पारखताना मारलेले. ते छापेनंतरचे आहेत, म्हणून चूक नाही. पण नाणं व्यापारात फिरल्याची ती जुनी खूण आहे. ती घासून काढू नका.

आपल्या भागात वारंवार दिसणारा मार

सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांत आणि तांड्यांवर रुपयांच्या माळा वापरात होत्या आणि आहेत. माळेतून सुटलेल्या रुपयाच्या काठावर, बहुधा राजाच्या डोक्याच्या वर, झाळेचा उंचवटा राहतो. 'उंच म्हणजे ठशाची चूक' हा नियम इथे फसवतो, म्हणून फरक सांगतो. ठशाचा काठ तुटल्याने येणारा उंचवटा नाण्याच्याच धातूचा, त्याच रंगाचा असतो, काठाला लागूनच असतो, आणि त्याच्या बरोबर मागच्या जागेची छाप कमकुवत असते, कारण धातू तुटलेल्या पोकळीत शिरलेला असतो. झाळेचा थेंब अक्षराच्या वर बसलेला असतो, रंगाने वेगळा असतो, आणि मागची बाजू ठणठणीत असते. कडी काढताना कानस फिरली असेल तर तेवढ्या भागातल्या कडेच्या रेघाही गेलेल्या दिसतील.

भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात रुळावर ठेवलेली नाणी घरोघरी निघतात. ती पातळ, लांबट, गुळगुळीत काठाची. कॉलरबाहेर छापलेलं खरं पसरट नाणंही व्यासाने मोठं असतं, पण त्याची छाप ठळक आणि प्रमाणात राहते, फक्त काठ आणि कडेच्या रेघा नसतात. रुळावरच्या नाण्यात चेहराच ताणला जातो.

तेजाबातलं नाणं सगळीकडून सारखं बारीक होतं, अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात आणि कडेच्या रेघाही झिजतात. पाऱ्याने किंवा जस्ताने पांढरा केलेला तांब्याचा पैसा 'चुकीच्या धातूवर छापलेला' म्हणून खपवतात. त्याचा काठ लूपखाली पाहा, घासल्या जागी लाल तांबं डोकावतं. चुंबक इथे उपयोगी: 1947 चा निकेलचा रुपया आणि 1950 नंतरची शुद्ध निकेलची नाणी चुंबकाला चिकटतात, 1988 पासून आलेली स्टीलची नाणीही चिकटतात. चांदी, कांस्य आणि तांबं-निकेल मिश्रधातू चिकटत नाहीत. चांदीचा रुपया चिकटला तर पुढची तपासणी करायची गरजच नाही.

अक्षर गायब असलेली नाणीही खूप येतात. ठशाच्या खाचेत वंगण आणि कचरा भरला की अक्षर हळूहळू विरत जातं, आणि त्या जागेचा पोत आजूबाजूच्या जमिनीसारखाच, म्हणजे अक्षरांभोवतीच्या सपाट भागासारखाच, राहतो. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी जमीन किंचित खाली गेलेली आणि एका दिशेच्या रेघा असतात. दुहेरी अक्षरांचंही तसंच. ठसाच दुहेरी खोदला गेला असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, पूर्ण उंचीची आणि कोपऱ्यात फाटलेली दिसतात. यंत्राच्या हादऱ्याने झालेलं दुहेरीपण म्हणजे अक्षराशेजारी चपटी, बुटकी पायरी. त्यातही दोष टांकसाळीचाच, पण त्याला कुणी जास्त पैसे देत नाही.

आणखी एक घोळ: तारखेखालचा ठिपका किंवा चौकट. प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर मुंबईची खूण चौकट (पत्त्यांतल्यासारखी), हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल ठिपका, कोलकात्याची काहीच नाही. खूण नसणं ही चूक नव्हे. आणि 1818 किंवा 1839 साल घातलेले, राम-सीता-हनुमान असलेले 'ईस्ट इंडिया कंपनीचे' तांब्याचे तुकडे हे मुळात नाणंच नाही. त्यावर कसलीही खोट असली तरी ती नाण्याची चूक ठरत नाही.

विकण्याआधी

जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा, असा फोन आला तर बंद करा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या नावाने चाललेल्या अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला आहे. 100 वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून तुमचा 1917 चा रुपया परदेशी ग्रेडिंगला (दर्जा ठरवून घ्यायला) टपालाने धाडू नका. आणि एखादं नाणं डब्यातलं नसून शेत नांगरताना सापडलेलं असेल, तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेतातल्या नाण्यावरची हिरवी पूड नखाने खरवडू नका, मातीसकट कोरड्या कागदात ठेवा.

पुढे विचारायचं असेल तर प्रत्येक नाण्याचे पाच फोटो काढा: दोन्ही बाजू सरळ वरून, खोटीची जागा जवळून तिरप्या उजेडात, त्याच्या बरोबर समोरचा काठ, आणि उभं धरून कड. सोबत वजन दोन दशांशांपर्यंत, दोन दिशांनी मोजलेला व्यास आणि चुंबकाला चिकटतं की नाही एवढं लिहा. पाव आण्याच्या बाबतीत खोलगट राजाच्या गालाचा एक फोटो जास्तीचा घ्या, दिवा डावीकडून आणि मग उजवीकडून धरून. तळाशी मजकूर आहे की नाही ते त्यातच कळेल.